मनगट मोडलं: हाडवैद्य, प्लास्टर, तार की प्लेट?

पडताना माणूस हात पुढे करतो आणि अंगाचं सगळं वजन तळहातावर येतं. शेवाळलेल्या धुऱ्यावर, रोवणीच्या चिखलात, बैलबंडीवरून उतरताना, नाहीतर रस्त्यावरच्या गिट्टीवर घसरलेल्या मोटारसायकलवरून. मनगट सुजतं, वाकडं दिसतं आणि तासाभरात अंगणात चार माणसं जमतात. एक म्हणतो, "पलीकडच्या गावचा बुढा हाड बसवते, पैसेही मागत नाही." दुसरा म्हणतो, "सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्या." तिसऱ्याचा पुतण्या नागपुरात प्लेट टाकून आलेला असतो. चौथ्याच्या मते ही साधी लचक आहे, तेल लावून शेकलं की झालं.

मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. माझ्याकडे माणूस येतो तो प्लास्टर कापल्यावर, तार काढल्यावर किंवा हाडवैद्याच्या कामट्या सुटल्यावर. त्यामुळे या सगळ्या वाटांचा शेवट मला एकाच टेबलावर बघायला मिळतो. घरात वाद असतो तो प्लास्टर की ऑपरेशन असा. माझ्या मते त्याआधी घरातल्या माणसांनी एकमेकांना विचारावं: आठ-दहा दिवसांनी दुसरा फोटो (एक्स-रे) काढायला परत जाणं आपल्याला जमणार आहे का? बरेच निर्णय या उत्तरावर फिरतात. कसे, ते पुढे येईलच.

निर्णयाच्या आधीचा तासभर

बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. चुडा फोडणं अशुभ म्हणून आजीबाई हात मागे घेतात, तेव्हा घरातल्या मोठ्या बाईनेच समजूत घालावी, डॉक्टरचं त्या ऐकत नाहीत. पुठ्ठ्याचा किंवा जाड वहीचा आधार देऊन ओढणीने हात गळ्यात बांधा, बोटं उघडी ठेवा. चोळू नका, ओढू नका. शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत काही खाऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागली तर जेवणानंतर निदान सहा तास थांबावं लागतं.

तीन गोष्टींत मात्र तुलना करत बसायला वेळ नसतो. हाडाजवळ जखम होऊन रक्त येत असेल, मग ती टोचल्याएवढी का असेना. बोटं बधिर, थंड किंवा निळी पडत असतील. किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं असेल आणि दुसऱ्याने बोट सरळ केलं तरी माणूस ओरडत असेल. यातलं काहीही दिसलं तर १०८ बोलवा नाहीतर मिळेल ती गाडी करा आणि जिथे हाडाचे डॉक्टर आहेत तिथेच थेट जा. मधल्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्यात दोन तास घालवू नका.

हाडवैद्य की दवाखाना

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तो गावात असतो, रात्री दार उघडतो, उधारीवर किंवा नारळावर काम करतो, आणि 'ऑपरेशन' हा शब्द उच्चारत नाही. भामरागड किंवा झरी-जामणीच्या आतल्या गावातून हाडाच्या डॉक्टरपर्यंत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते, सोबतच्या माणसाचीही जाते. शिवाय त्याचे बरेच हात खरोखर बरे होतात. कारण मनगटाच्या मोडींपैकी पुष्कळशा जागेवरून हललेल्याच नसतात. तसं हाड आधार देऊन काही आठवडे स्थिर ठेवलं की जुळतं, कामट्या बांबूच्या असोत की पट्टी प्लास्टरची. कांडवेलीचा लेप आणि अंड्याचा पांढरा बलक त्यात श्रेय घेऊन जातात.

अडचण उरलेल्या हातांची आहे. हाडवैद्याचे हात कितीही तयार असले तरी मोड सांध्यात शिरली आहे की नाही, हे हाताला कळत नाही. हाड तीन मिलिमीटर आखूड झालंय की सात, हेही कळत नाही. आणि घट्ट बांधण्याला तिथे कौशल्य समजतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढतच असते. वरून आवळलेल्या कामट्यांना सैल होता येत नाही, मग आतला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. पुढे बोटं आत वळून पंजा आकसतो, क्वचित हात कापायची वेळ येते. असा आकसलेला पंजा मी पाहिला आहे, तोही शाळकरी पोराचा. मूळची मोड किरकोळ होती.

दुसरं नुकसान हळू होतं. दर आठवड्याला पट्टी सोडून तेलाने चोळणं आणि परत बांधणं ही अनेक ठिकाणची रीत आहे. जुळू पाहणारं हाड त्याने हलतं. मुलांमध्ये सांध्याजवळ चोळण्याने नको तिथे हाड धरू शकतं.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. फोटो काढून, मोड हललेली नाही असं डॉक्टरने सांगितल्यावर कोणाला हाडवैद्याचा लेप लावायचाच असेल, तर प्लास्टर निघाल्यावर लावा, त्याने फारसं बिघडत नाही. फोटोच्या आधी आणि प्लास्टरच्या ऐवजी मात्र नको. आधीच कामट्या बांधून झाल्या असतील आणि बोटं बधिर असतील, तर बांधणाऱ्याची परवानगी घेत बसू नका, कात्रीने सगळं सोडा आणि निघा.

फोटो: एक की दोन, आज की परत

मनगटाचा फोटो दोन बाजूंनी लागतो, एक समोरून आणि एक कडेने. पैसे वाचवायला एकच काढला तर हाड मागे कललंय की नाही ते दिसतच नाही. समोरच्या फोटोत अशा मोडी सरळ वाटू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा एक्स-रे नसतो. तिथे वेदनाशामक, आधार आणि चिठ्ठी मिळते, तेवढ्यासाठी वाटेत असेल तर जरूर थांबा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मशीन असतं, पण ते चालवणारा तंत्रज्ञ त्या दिवशी हजर आहे का, हे आशाताईला फोन करून आधी विचारून घ्या. रविवारी आणि सणासुदीला हे जास्तच. फोटो मिळाला की फिल्म किंवा त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून नागपूरला गेलेला माणूस दर ठिकाणी नवा फोटो काढतो, ते निव्वळ कागद घरी विसरल्यामुळे.

आता खरी फसवी जागा. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबल्यावर कळ येत असेल, तर पहिला फोटो स्वच्छ असला तरी मोड नाही असं म्हणता येत नाही. तिथे स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं छोटं हाड आहे. त्याला रक्त येतं ते मुख्यतः बोटांकडच्या टोकातून, उलट दिशेने. मध्ये तडा गेला की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला महिनोनमहिने घेतो आणि कधी जुळतच नाही. पहिल्या दिवशीच्या फोटोत हा तडा कैकदा दिसत नाही. गाडीवरून पडलेले विशी-पंचविशीतले पोट्टे यात सापडतात. हात वाकडा नसतो, सूज बेताची असते, मेडिकलच्या दुकानातून गरम पट्टा घेतात आणि कामाला लागतात. पाच-सात वर्षांनी मनगट दुखतं, पोतं उचलवत नाही, आणि फोटोत न जुळलेलं हाड आणि झिजलेला सांधा दिसतो. तोवर सोपे उपाय संपलेले असतात.

इथे निवड अशी आहे. एक वाट म्हणजे मोड आहे असं धरून प्लास्टर घालायचं आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. दुसरी वाट म्हणजे लगेच एमआरआय किंवा सीटी स्कॅन करायचं. एमआरआयमध्ये तडा पहिल्या काही दिवसांतच कळतो, पण त्यासाठी जिल्ह्याला किंवा मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. शेतात हंगाम नसेल तर मी पहिली वाट सुचवतो, तिला खर्च जवळजवळ नाही. ऐन सोंगणीत दोन आठवडे हात उगाच अडकवायचा नसेल, किंवा परत यायची खात्री नसेल, तर स्कॅनचे पैसे वाया जात नाहीत. तडा निघाला आणि तुकडे फारसे सरकलेले नसतील, तर लगेच स्क्रू टाकायची घाई करू नका. ब्रिटनमधल्या ४३९ रुग्णांवरच्या स्विफ्ट नावाच्या अभ्यासात, दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेल्या मोडींत आधी प्लास्टर आणि आधी ऑपरेशन या दोन्ही गटांची हाताची स्थिती वर्षभराने सारखीच निघाली. अट एकच होती: प्लास्टरमध्ये हाड जुळत नाही असं दिसलं की वेळ न घालवता स्क्रू. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, परत फोटो काढायला जाणार का?

प्लास्टर, तार, प्लेट

मनगटाची सगळ्यात नेहमीची मोड म्हणजे रेडियस या, कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं मनगटाकडचं टोक मोडून मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, सरकणं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली तिचं वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८० वर्षं आधी. तेव्हा फक्त डोळे आणि बोटं होती. त्यांनी एक गोष्ट तेव्हाच लिहून ठेवली की हाताचा आकार जन्मभर वाकडा राहिला तरी कालांतराने तो हात मोकळेपणाने काम करू लागतो. आज वय बघून ऑपरेशन ठरवताना हे निरीक्षण परत उपयोगी पडतं.

हाड सरकलेलं असेल तर आधी ते ओढून जागेवर बसवतात. मोडलेल्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन. मग पुन्हा फोटो. इथून तीन वाटा फुटतात.

प्लास्टरमध्ये कातडीला भोक नाही, भरती व्हावं लागत नाही, खर्च सगळ्यात कमी. सुरुवातीला सुजेसाठी अर्धी पट्टी घालतात आणि सूज उतरल्यावर पूर्ण प्लास्टर. एकूण पाच-सहा आठवडे. तोटा असा की बसवलेलं हाड आत हळूहळू परत सरकू शकतं, विशेषतः ठिसूळ हाडात, आणि बाहेरून ते कळत नाही. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि माणसाला बरं वाटतं. नेमकं तेव्हाच हाड सरकत असतं.

तार म्हणजे कातडीतून हाडात घातलेल्या दोन-तीन बारीक सळया. टोकं बाहेर वाकवून ठेवतात, वरून प्लास्टर घालतात आणि चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीतच ओढून काढतात. काढताना भूल सहसा लागत नाही. हाड सरकण्याचा धोका बराच कमी होतो. पण तारेच्या तोंडाशी पू होऊ शकतो. घरी गोठा असेल, शेणामातीत हात घालायची सवय असेल आणि "जरासं" म्हणून बादली उचलायचीच असेल, तर तार बिघडते. मधुमेह असेल तर आणखी जपावं लागतं.

प्लेट तळहाताच्या बाजूने चिरा देऊन स्क्रूने बसवतात. हाड मजबूत धरलं जातं, प्लास्टर लवकर निघतं, मनगट आठवडा-दोन आठवड्यांत हलवायला सुरुवात होते. सहसा ती काढावी लागत नाही. खर्च जास्त, भरती व्हावं लागतं, आणि चुकीच्या जागी बसली तर बोटाच्या टेंडनला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) घासून तो झिजू शकतो.

मग चांगलं कोणतं? ज्या मोडी बाहेरून ओढून नीट बसतात, त्यांच्यासाठी उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ब्रिटनमध्येच ४६१ प्रौढ रुग्णांवर तार आणि प्लेट यांची तुलना झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: वर्षभराने हाताच्या कामात फरक नाही. मग त्याच गटाने ५०० रुग्णांत नुसतं प्लास्टर आणि तार यांची तुलना केली, ती २०२२ मध्ये आली. वर्षभराने इथेही हात सारखेच. पण प्लास्टरच्या गटात शंभरात सुमारे १३ जणांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना नंतर ऑपरेशन करावं लागलं. तारेच्या अख्ख्या गटात अशी वेळ फक्त एकावर आली.

या १३ जणांपाशी थोडं थांबा. तिथे त्यांना धरूनही प्लास्टरचा गट वर्षभराने मागे पडला नाही, कारण हाड सरकलेलं वेळेत दिसलं आणि वेळेत ऑपरेशन झालं. आपल्याकडे त्या १३ पैकी किती जण आठव्या दिवशी परत जातात? नाल्याला पूर, बस बंद, सोबत यायला माणूस नाही, दुखणंही कमी झालेलं. सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापायला येतात तेव्हा हाड वाकडंच जुळलेलं असतं. तीन आठवड्यांनंतर ते बाहेरून ओढून बसत नाही, हाड कापून परत जोडावं लागतं. म्हणून परदेशी अभ्यासातलं "प्लास्टर पुरेसं आहे" हे वाक्य आपल्या गावात आणताना त्याच्याशी जोडलेला दुसरा फोटोही आणावा लागतो.

तेव्हा घरातल्या निर्णयासाठी मी असं सांगतो. चाळिशीतला शेतमजूर, हाड सरकलं होतं, बसवलं, आणि आठव्या व पंधराव्या दिवशी फोटोला येणं नक्की जमणार: प्लास्टरपासून सुरुवात करा. तोच माणूस भामरागडच्या पलीकडून आलेला, पावसाळ्याचे दिवस, परत येणं दैवाधीन: डॉक्टरांशी तारेबद्दल मोकळेपणाने बोला, ती इथे विम्यासारखी आहे. पण तार काढायला मात्र यावंच लागतं, त्याचीही सोय आधी बघा. मोड सांध्यात शिरून पृष्ठभागाला दोन मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी पडली असेल किंवा हाडाचे बरेच तुकडे असतील, तर प्लेटचा सल्ला सहसा योग्य असतो. हाड तळहाताच्या बाजूला सरकलं असेल तर प्लास्टरमध्ये ते फारसं टिकत नाही, तिथेही प्लेट.

डॉक्टर ज्या आकड्यांवरून ऑपरेशन सुचवतात ते विचारायला लाजू नका. साठी-पासष्टीच्या आतल्या माणसात, बसवल्यानंतरही रेडियस तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड राहिलं, मागे दहा अंशांहून जास्त कललेलं राहिलं, किंवा सांध्यात दोन मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी राहिली, तर ऑपरेशनचा विचार करतात. फोटो दाखवून "यातलं माझ्यात काय आहे जी?" एवढं विचारलं तरी चांगला डॉक्टर पेन्सिलने रेघ मारून दाखवतो. नुसतं "प्लेट टाकावी लागेल, पैसे भरा" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरला फोटो दाखवायला दोन-चार दिवस आहेत, घाई नाही.

सत्तरीच्या मायची गोष्ट वेगळी. पासष्टीनंतरच्या रुग्णांत प्लेट टाकली की फोटो सुंदर दिसतो, पण वर्षभराने हाताचं काम प्लास्टरवाल्यांसारखंच असतं, हे एकापेक्षा जास्त अभ्यासांत दिसलं आहे. मनगट थोडं वाकडं राहतं, कड बाहेर येते, पण भाकर थापता येते, लुगडं नेसता येतं. मुलं शहरातून फोन करून "बेस्ट ट्रीटमेंट करा, खर्चाचं बघू" म्हणतात आणि बुढीला ऑपरेशनच्या टेबलावर चढवतात. तिला विचारा. ती अजून एकटी राहते, दोन्ही हातांनी विहिरीचं पाणी काढते, काठीवर चालते आणि काठी त्याच हातात असते, तर प्लेटचा विचार वाजवी आहे. नसेल तर प्लास्टर पुरे, वाकडेपणाची तयारी मनाची ठेवायची.

फायबरचं प्लास्टर घ्यावं का, असंही विचारतात. ते हलकं असतं आणि वरून भिजलं तरी मऊ पडत नाही, पण आतला कापूस भिजतोच आणि कुजतो. बसवलेल्या हाडासाठी पहिले आठवडे साधं पांढरं प्लास्टरच हाताच्या आकारात चांगलं बसतं. महागडं घ्यायची गरज नाही.

लेकरांचं मनगट

मुलांचं हाड ओल्या काडीसारखं असतं, तुटायच्या आधी वाकतं. पुष्कळदा नुसतं चेपून एका बाजूला फुगवटा येतो. अशा मोडीला प्लास्टर न घालता नुसती मऊ पट्टी बांधली तरी चालतं, हे ९६५ मुलांच्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं आहे: कडक आधार आणि नुसती पट्टी यांत तीन दिवसांनी दुखण्यात फरक नव्हता. त्यामुळे अशा मोडीला कोणी भरती करून घेत असेल तर कारण विचारा. वाकलेलं हाड मुलं वाढता वाढता बरंच सरळ करून घेतात, जितकं वय लहान तितकं जास्त.

हाड जिथून वाढतं त्या कूर्चेतून मोड गेली असेल, तर मात्र पहिल्या काही दिवसांतच बसवून घ्या. आठवडा उलटल्यावर जोर लावून बसवायला गेलं की त्या कूर्चेलाच इजा होते आणि पुढे हात आखूड राहू शकतो. हाडवैद्याकडे दहा दिवस काढून मग दवाखान्यात येणाऱ्या मुलांबाबत म्हणूनच डॉक्टर कधी कधी हात लावत नाहीत. आई-बापांना तो हलगर्जीपणा वाटतो, तो नसतो.

कुठे न्यायचं आणि पैसे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. यात प्राथमिक केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल येतं. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाची आहेत, तिथे थोडं शुल्क लागू शकतं. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनुभवी माणसं आहेत, पण साध्या मोडीला नंबर लागायला वेळ लागतो, कारण तिथे अपघाताचे गंभीर रुग्ण आधी घेतात आणि तेच बरोबर आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. वर्धा-यवतमाळकडच्या माणसाला नागपूरपेक्षा ती सोयीची पडतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता शिधापत्रिकेच्या रंगाकडे न बघता राज्यातल्या कुटुंबांसाठी खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. ओपीडीत घातलेलं साधं प्लास्टर सहसा त्यात बसत नाही. भरती होऊन केलेलं ऑपरेशन यादीत असेल तर बसतं, तेही योजनेत असलेल्या रुग्णालयातच. म्हणून आधी खासगीत पैसे भरून प्लेट टाकायची आणि मग योजनेचं विचारायचं, हा क्रम उलटा आहे. आधार आणि शिधापत्रिका सोबत ठेवा, दाराशी आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे भरती होण्याआधी विचारा.

माझं मत विचाराल तर, न सरकलेल्या मोडीला जवळचं ग्रामीण रुग्णालय सगळ्यात चांगलं. मोठ्या रुग्णालयापेक्षा प्लास्टर तिथे काही वाईट घालत नाहीत, आणि दुसऱ्या फोटोला जाणं सोपं असतं. सरकलेल्या, सांध्यात गेलेल्या किंवा जखम असलेल्या मोडीला हाडाचे डॉक्टर रोज असतात अशी जागा, मग ती सिव्हिल असो, सावंगी असो की तालुक्यातला खासगी दवाखाना.

माझ्या टेबलावर येण्याआधी

हाड कसं जुळलं याइतकीच बोटं कशी राहिली ही गोष्ट हाताचं काम ठरवते, आणि ती बरीचशी तुमच्या हातात आहे. प्लास्टर घातलं त्याच दिवसापासून पाचही बोटं पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, तासातासाला. खांदा डोक्यापर्यंत वर न्यायचा. कोपर हलवायचं. पहिले तीन-चार दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपताना उशीवर. "हलवू नका" हे डॉक्टरांनी मनगटापुरतं सांगितलेलं असतं, घरची माणसं ते अख्ख्या हाताला लावतात. सहा आठवड्यांनी खांदाही आखडलेला घेऊन येणाऱ्या आज्या माझ्याकडे मनगटापेक्षा खांद्यासाठी जास्त दिवस येतात. प्लास्टरमध्ये हात जळजळतो, चकाकतो, घाम सुटतो, हात लावू देत नाही, असं झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

खर्रा खाणाऱ्यांना एवढंच सांगतो की निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि हाड जुळायला उशीर लावतं. स्कॅफॉइडसारख्या आधीच उपाशी हाडात तर जास्तच. तीन महिने सोडला तरी फरक पडतो. बहुतेक जण सोडत नाहीत, पण सांगणं माझं काम.

प्लास्टर निघाल्यावर मनगट आखडलेलं, बारीक आणि दुखरं असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोमट पाण्यात हलवा, तळहात वर-खाली फिरवा, पिठाचा गोळा दाबा. वेचणी, निंदण यांसारखी हलकी कामं मोडल्यापासून सहा-आठ आठवड्यांत जमू लागतात. पोतं उचलणं, फवारणीचा पंप पाठीवर चढवणं, बैल धरणं यांना तीन महिने द्या. ताकद मात्र वर्षभर परत येत राहते.

एक वेगळी गोष्ट लक्षात असू द्या. न सरकलेल्या साध्या मोडीतही क्वचित काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलेनासा होतो, फारसं न दुखता. अंगठ्याचा टेंडन मोडीजवळ झिजून तुटलेला असतो. त्याला व्यायामाने काही होत नाही, शेजारच्या बोटाचा टेंडन वळवून जोडतात आणि ते चांगलं चालतं, फक्त दाखवायला हवं.

आणि पन्नाशीच्या पुढच्या बाईचं मनगट नुसतं उभ्यानं पडून मोडलं असेल, तर हाडाच्या ठिसूळपणाची तपासणी करा असं डॉक्टरांना सांगायला विसरू नका. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांकडून गर्दीत ती राहून जाते. मनगट मोडलेल्या बायांमध्ये पुढे खुबा मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. हाडाच्या घनतेची तपासणी जिल्ह्याला किंवा मोठ्या रुग्णालयात होते. औषधाची गरज निघाली तर आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी जेनेरिक दुकानात स्वस्तात मिळते. ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची, सकाळी उपाशीपोटी, चहासोबत नव्हे, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेला जाळते.